मदत हवी आहे: इंटरनेटशिवाय, फक्त लॅनवर चालणारा स्ट्रॅटेजी गेम

सुरंगी

नमस्कार मंडळी,

देवगड तालुक्यातल्या आमच्या गावात सार्वजनिक वाचनालय आहे. तिथली संगणक खोली मी सांभाळते. आठ डेस्कटॉप आहेत, सगळे एका नेटवर्क स्विचला केबलने जोडलेले, म्हणजे खोलीपुरतं लॅन. आय-थ्री, चार जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, विंडोज १०. मे महिन्यात सहावी ते नववीच्या मुलांचं शिबिर असतं. सकाळी वाचन, चित्रं, नकाशे. दुपारी उन्हात बाहेर सोडता येत नाही, तेव्हा या खोलीत बसवते.

मुलांना एज ऑफ एम्पायर्स २ हा राज्य उभारून लढायचा गेम हवा आहे आणि मलाही तोच द्यायचा आहे. चार-चारचे दोन गट केले की मुलं आपोआप बोलायला लागतात. लाकूड कोणी तोडायचं, भिंत कोणी बांधायची, सोनं कोणाला द्यायचं, हे सगळं त्यांना आपसात ठरवावं लागतं. वर्गात तोंड न उघडणारी मुलगी इथे "आधी घोडे काढा, मग पुढे जा" म्हणून तिघांना कामाला लावते. एकेकट्याने संगणकाविरुद्ध खेळण्यात हे होत नाही, म्हणून मल्टिप्लेअरच पाहिजे.

अडचण अशी की १९९९ च्या मूळ गेममध्ये लॅन होतं, २०१३ च्या एचडी आवृत्तीत ते राहिलं नाही, आणि २०१९ ची डेफिनिटिव्ह एडिशन मल्टिप्लेअरसाठी लॉगिन मागते असं भाचा म्हणतो. आमच्याकडे दुपारी इंटरनेट असेलच याची खात्री नाही, आणि वळवाचा पाऊस झाला तर दोन-दोन दिवस नसतं.

तर विचारायचं आहे ते असं. डेफिनिटिव्ह एडिशन कुठल्याही मार्गाने नुसत्या लॅनवर चालते का? जुनी सीडी मिळाली तर विंडोज १० वर ती चालेल का? आणि हे दोन्ही जमणार नसेल तर दुसरा कुठला गेम घ्यावा? चोरीची प्रत नको. वाचनालय सार्वजनिक आहे, मुलांसमोर मी ते करणार नाही.

मला यात खरोखर वाईट वाटतं ते सांगते. दोन मुलं शेजारी बसली आहेत, मधे दोन मीटरची केबल आहे, आणि तरी त्यांनी एकमेकांशी खेळावं की नाही हे कुठल्या तरी लांबच्या सर्व्हरने ठरवायचं. ज्या गावात नेट नीट नाही, तिथल्या मुलांच्या वाट्याला मग हा खेळ येतच नाही.

केबलकाका

सुरंगीताई, चांगलं काम करताय. आधी डेफिनिटिव्ह एडिशनचं सांगतो.

त्यात लॉबी (डावाआधी खेळाडू जमतात ती जागा) तयार करताना सर्व्हरच्या यादीत स्थानिक लॅन सर्व्हर निवडायची सोय आहे. पण नावावर जाऊ नका. ती निवडली की खेळ चालू असतानाची देवाणघेवाण तुमच्या स्विचवरून होते, म्हणजे लॅग (हुकूम पोचायला लागणारा उशीर) कमी होतो. लॉगिन आणि लॉबी मात्र इंटरनेटवरूनच होतात. नेट नसेल तर मल्टिप्लेअर सुरूच होत नाही, फक्त एकट्याचा खेळ मिळतो.

नेट अधूनमधून असेल तर एक मार्ग निघतो. एका मशीनला फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा, म्हणजे फोनचं नेट त्याला द्या, आणि विंडोजमधलं इंटरनेट कनेक्शन शेअरिंग चालू करा. त्या मशीनच्या लॅन कार्डला १९२.१६८.१३७.१ हा पत्ता मिळतो आणि बाकीची मशीन त्याच्यातून बाहेर पडतात. डेटा फार जात नाही. अपडेट मात्र आधीच घेऊन ठेवा, नाहीतर फोनचा पॅक पहिल्याच दुपारी संपेल.

तुमच्या बाबतीत मला हा मार्ग पटत नाही, तो यासाठी. आठ जणांना आठ परवाने लागतील आणि आठ खाती. हा गेम जिथून घेतात त्या स्टीम या ऑनलाइन दुकानात खातं काढायला वय १३ लागतं, तुमची सहावीची मुलं त्यात बसत नाहीत. खाती वाचनालयाच्या मोठ्या माणसांच्या नावावर काढून मुलांना वापरायला द्यायची, हेही नियमाला धरून होणार नाही. शिवाय चार जीबी रॅम ही त्या गेमची किमान अट आहे. चार विरुद्ध चार खेळात शेवटी मोठं सैन्य उभं राहिलं की तुमची मशीन दमतील.

जुना_गडी

सीडीबद्दल. मूळ एज २ हा डायरेक्टप्ले नावाच्या विंडोजच्या भागावर लॅन चालवतो. विंडोज १० मध्ये तो बंद असतो. कंट्रोल पॅनेलमध्ये विंडोज फीचर्स उघडा, लेगसी कंपोनंट्सखाली डायरेक्टप्ले आहे, त्याला टिक करा. ही टिक केली तेव्हा नेट चालू असलं तर बरं, कारण विंडोज तो भाग कधीकधी खाली उतरवून घेतं.

खेळात कनेक्शन निवडताना आयपीएक्स ही जुनी नेटवर्क पद्धत घेऊ नका. व्हिस्टापासून विंडोजमधून आयपीएक्स काढलंय. टीसीपी/आयपी घ्या आणि होस्टचा, म्हणजे डाव उघडणाऱ्या मशीनचा, पत्ता टाका. पोर्ट ४७६२४ आणि २३०० ते २४०० फायरवॉलमध्ये मोकळे हवेत. अजून एक: त्या काळातल्या बऱ्याच सीड्यांवर सेफडिस्क नावाचं कुलूप होतं आणि विंडोज १० ते चालवत नाही. तुमच्या हाती कुठली सीडी लागते त्यावर आहे. आठ जणांसाठी मूळ सीड्या शोधत बसणं मला तरी व्यवहार्य वाटत नाही.

२००२-०३ च्या सुमारास पुण्यात हॉस्टेलला होतो. रात्री जेवणानंतर कॉरिडॉरमध्ये केबल टाकायच्या आणि एज किंवा वॉरक्राफ्ट ३ लावायचा. खेळ हरला की शेजारच्या खोलीतून ओरडा ऐकू यायचा. ताई म्हणतात ते बोलणं, ठरवणं, मी तिथे शिकलो. म्हणून हा धागा वाचून राहवलं नाही.

मेघना_आर

एक प्रामाणिक प्रश्न: कंपन्या लॅन काढतात तरी का? आधीपासून असलेली गोष्ट काढायला काय मिळतं?

शून्य_मैल

मेघना, यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण स्टारक्राफ्ट २ चं आहे. पहिल्या स्टारक्राफ्टमध्ये (१९९८) लॅन होतं, शिवाय एका सीडीवरून मित्रांच्या मशीनवर मल्टिप्लेअरपुरती प्रत टाकायची अधिकृत सोय होती. दुसऱ्या भागात लॅन नसेल हे तो बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीने २००९ मध्ये जाहीर केलं. पायरसी, म्हणजे चोरीच्या प्रती, हे एक कारण दिलं, आणि सगळ्यांनी बॅटलनेट या त्यांच्या ऑनलाइन सेवेवर यावं हे दुसरं. लाखाच्या वर लोकांनी लॅनसाठी याचिकेवर सह्या केल्या. जुलै २०१० मध्ये गेम आला तो लॅनशिवायच.

पायरसीचं कारण खोटं नव्हतं. गरेनासारख्या सेवा इंटरनेटवर लॅनचा आभास तयार करायच्या आणि आशियात लाखो पोरं त्यावर वॉरक्राफ्ट ३ खेळायची. अधिकृत सर्व्हर सीडी-की तपासायचा, लॅन तपासायचं नाही. पण त्याची किंमत प्रामाणिक गिऱ्हाइकाने मोजली. मोठ्या स्पर्धांतही दोन खेळाडू एकाच मंचावर बसलेले आणि सामना कंपनीच्या सर्व्हरवरून. जोडणी तुटली की सामना गेला. रिप्लेमधून (सामन्याच्या साठवलेल्या नोंदीतून) सामना पुन्हा पुढे चालू करायची सोय २०१३ मध्ये हार्ट ऑफ द स्वार्म या पुढच्या भागाबरोबर आली. त्याआधी पंचांना ठरवावं लागायचं.

वॉरक्राफ्ट ३ चं मला जास्त लागलं. जानेवारी २०२० मध्ये रीफोर्ज्ड ही त्याची नवी आवृत्ती आली आणि लॅन गेलं. ज्यांनी रीफोर्ज्ड विकतच घेतलं नव्हतं त्यांचा जुना गेमही अपडेट होऊन नव्या क्लायंटवर गेला. २००२ साली विकत घेतलेल्या वस्तूतून १८ वर्षांनी एक भाग काढून घेतला. नवा गेम लॅनशिवाय येतो तेव्हा निदान घ्यायचा की नाही हे आपण ठरवू शकतो. इथे तो पर्यायच ठेवला नाही.

उलट उदाहरणही आहे. कमांड अँड कॉन्कर रीमास्टर्ड जून २०२० मध्ये लॅनशिवाय आलं, लोकांनी मागणी लावून धरली आणि नंतरच्या पॅचमध्ये लॅन दिलं गेलं. म्हणजे करायचं म्हटलं तर होतं.

केबलकाका

आणि तांत्रिकदृष्ट्या या प्रकारच्या गेमला सर्व्हरची गरज फारच थोडी असते, हे मेघनासाठी. स्ट्रॅटेजी गेममध्ये हजारो सैनिकांची जागा नेटवर पाठवत नाहीत. प्रत्येक मशीन सगळं युद्ध स्वतः मोजतं. पाठवतात फक्त हुकूम: "हे पाच घोडे तिकडे". सगळी मशीन तो हुकूम एकाच टप्प्यावर अमलात आणतात, म्हणून सगळीकडे तेच चित्र दिसतं. पहिल्या एजच्या प्रोग्रामरांनी याच पद्धतीने २८.८ केबीपीएसच्या मोडेमवर आठ जण खेळवायचं लक्ष्य ठेवलं होतं, तेही १६ एमबी रॅमच्या पेंटियम ९० वर.

ताई, यातून तुमच्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. आठही मशीनवर गेमची आवृत्ती तंतोतंत एकच हवी, नाहीतर हिशेब चुकतो आणि खेळ आउट ऑफ सिंक होऊन तुटतो. आणि सगळ्यात हळू मशीन सगळ्यांना हळू करतं.

शून्य_मैल

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते ०एडी. झिरो एडी म्हणतात. एजच्याच धर्तीचा, फुकट आणि मुक्त स्रोत. कोड जीपीएल आणि चित्रं-संगीत क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्यांखाली, म्हणजे आठ काय ऐंशी मशीनवर टाका, कायदेशीरच आहे. इन्स्टॉलर एकदा उतरवला की पेन ड्राइव्हवरून सगळीकडे जातो. खातं लागत नाही. एकाने मल्टिप्लेअरमध्ये होस्ट करायचं, बाकीच्यांनी त्याचा आयपी पत्ता टाकून आत यायचं, बस. यूडीपी पोर्ट २०५९५.

मुलांना त्यात मौर्य मिळतील. चंद्रगुप्त, अशोक आणि चाणक्य नायक म्हणून आहेत, आणि मौर्यांकडे कामाचा हत्ती असतो. लाकूड-दगड जिथे गोळा होतोय तिथे हत्ती नेऊन उभा करायचा, माल त्याच्याकडे जमा होतो, सारखं कोठाराकडे पळावं लागत नाही. सकाळच्या नकाशांच्या तासाला हे छान जोडता येईल.

लोकसंख्येची मर्यादा मात्र कमी ठेवा. आठ जणांत प्रत्येकी शंभरच्या आत आणि नकाशा छोटा. हा गेम गर्दी झाली की प्रोसेसरला जड जातो.

फार जुनं किंवा बिघडलेलं मशीन असेल तर त्यावर बॅटल फॉर वेसनॉथ टाका. पाळीपाळीने खेळायचा, तोही मुक्त स्रोत, एकाच संगणकावर दोघं बसूनही खेळता येतो.

मेघना_आर

स्टारक्राफ्ट १ पण सुचवावासा वाटतो, २०१७ पासून फुकट आहे आणि त्याच्या मेनूत लॅन अजून आहे. पण अकरा वर्षांच्या मुलांसाठी तो जरा रक्ताळ आहे. ०एडीच बरा.

सुरंगी

सगळ्यांचे मनापासून आभार. एजचा नाद सोडला. वयाच्या अटीचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नसता, केबलकाका.

०एडी आठही मशीनवर टाकला. स्विचला राउटर नाही म्हणून प्रत्येकाला हाताने पत्ता दिला, १९२.१६८.१.११ पासून पुढे. आता होस्टच्या मशीनवर खेळ उघडतो, पण बाकीच्यांपैकी कोणीच आत येऊ शकत नाही. केबल ठीक आहेत, फाइल शेअरिंग मात्र होत नाही. पुढे कुठे बघू?

केबलकाका

हे फायरवॉलचं आहे. पत्ता देताना गेटवे रिकामा सोडला असेल ना? मग विंडोज त्या जोडणीला "अनोळखी नेटवर्क" म्हणतं आणि सार्वजनिक धरतं. सार्वजनिक नेटवर्कवर बाहेरून येणारं सगळं अडवलं जातं. होस्टच्या मशीनवर विंडोज डिफेंडर फायरवॉल उघडा, अ‍ॅपला परवानगी द्यायच्या यादीत पायरोजेनेसिस शोधा (०एडीच्या इंजिनाचं नाव ते आहे), आणि प्रायव्हेट व पब्लिक दोन्ही खणांत टिक करा. यादीत नसेल तर गेमच्या फोल्डरमधली पायरोजेनेसिस डॉट ईएक्सई हाताने घाला. फायरवॉल पूर्ण बंद करू नका, शिबिर संपल्यावर तीच मशीन नेटवर जाणार आहेत.

सुरंगी

झालं! पब्लिकचा खण रिकामा होता. सात जण आत आले. आठवं मशीन आवृत्ती जुळत नाही म्हणालं, त्यावर माझ्या भाच्याने आधी जुनी प्रत टाकलेली निघाली. ती काढून नवी टाकली. नेटची तार काढून मुद्दाम पूर्ण डाव खेळवून पाहिला, कुठे अडलं नाही.

एकच शंका राहिली. आमच्याकडे दुपारी वीज जाते. दोन तासांचा डाव मधेच गेला तर मुलं हिरमुसतील. खोलीत यूपीएस एकच आहे.

शून्य_मैल

तो यूपीएस होस्टच्या मशीनला आणि स्विचला लावा, मॉनिटर जमलं तर. होस्ट जिवंत राहिला तर बाकीच्यांना वीज आल्यावर त्याच नावाने पुन्हा त्याच डावात येता येतं. डावाची त्या वेळची स्थिती त्यांच्या मशीनला चालू असलेल्या मशीनकडून मिळते आणि त्यानंतरचं ते भराभर मोजून घेतं, म्हणून यायला थोडा वेळ लागतो. फक्त वीज गेल्या गेल्या होस्टने पॉज दाबायचा, एवढं ज्याला बसवाल त्याला सांगून ठेवा. आणि प्रत्येकाचं खेळातलं नाव कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा. नाव बदललं तर गेम त्याला नवा माणूस समजून प्रेक्षकात बसवतो.