रोडकिंग की नवीन रेट्रो? माझे दोन पैसे

चंदगडच्या मामांची जुनी येझदी रोडकिंग मोटरसायकल घ्यावी की शोरूममधली नवी, जुन्या ढंगाची रेट्रो, असं विचारलाय तर आधी कागद बघा की ओ, गाडी नंतर. एमएच-०९ पासिंग आहे म्हणजे कोल्हापूर आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), मग केए-२२ म्हणजे बेळगावला ट्रान्स्फर, इकडचा कर्नाटकाचा टॅक्स वेगळा, आणि १५ वर्षांनंतरचं आरसीचं (नोंदणी कागदाचं) रिन्युअल झालंय का तेबी विचारा. कुणी म्हणतंय व्हिंटेज (जुन्या ठेवणीतल्या गाडीचं) रजिस्ट्रेशन करा, पण त्याला ५० वर्षं पूर्ण लागतात आणि रोडकिंग १९७८ ला आली, शिवाय तसली गाडी रोज फिरवायला परवानगी नसते, म्हणजे ते सोडाच.

पार्टची काळजी नको. रबर, केबल मिळतात, बोअर करायला नाहीतर एखादा बुश (आतली धातूची नळी) लेथवर टर्न करून घ्यायला आपलं बेळगावचं उद्यमबाग, कारखान्यांचा भाग, आहेच. खरी कटकट पेट्रोलची. त्यात मिसळलेलं इथेनॉल पाणी ओढतंय, आणि पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली की कार्ब्युरेटरच्या तळाला पांढरट चिकट थर बसतोय, जुनी रबरं फुगतात ती वेगळीच. उभी करायच्या आधी पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा करा, एवढं केलं तरी बरंच वाचतंय.

रोडकिंगला किकचाच लिव्हर आत दाबून फिरवला की गिअरचा लिव्हर होतोय, त्याची मजा नव्यात नाही हे मान्य. पण तुम्ही रोज खानापूर-बेळगाव करणार, चोर्ला घाटातनं गोव्यालाबी जाणार म्हणताय ना? मग डिस्क ब्रेक, एबीएसवाली (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी) नवीच घ्या. मामांची गाडी मात्र भंगारात घालू देऊ नका, नाहीतर मला सांगा.