ओढ्यावरचा घरचा मातीचा बांध: उंची वाढवू का?

ओढाकाठ: नमस्कार मंडळी, आम्ही पारनेर तालुक्यातले. आमच्या रानातून ओढा जातो, आजोबांनी 72 च्या दुष्काळानंतर पदरच्या पैशानं त्यावर मातीचा बांध घातला, त्याआधी ओढा दर पावसाळ्यात काठ खात खात वावरात शिरायचा, बांध झाला, मागं गाळ साचून तळ वर आला आणि काठ ढासळायचे थांबले, खालच्या विहिरीलाही उन्हाळ्यात पाणी टिकायला लागलं. मधोमध उंची 3 मीटर. आता गाळ भरत आलाय, वर जेमतेम छातीएवढं पाणी राहतं, म्हणून धाकटा भाऊ म्हणतो जेसीबी आणून दोन फूट माती चढवू. पण यंदा सांडव्याच्या खालच्या टोकाला मोठी घळ पडलीय आणि बांधाच्या पायथ्याला एका जागी पाणी झिरपतंय. बांधावर बाभळीपण वाढल्यात. काय करू?

मुरूम_माती: दादा उंचीचं तूर्त डोक्यातून काढा. दोन्ही बाजूंना दोनास एक उतार, म्हणजे एक फूट उंचीला दोन फूट आडवं, धरला तर दोन फूट उंची वाढवायला पाया आणखी आठ फूट रुंद करावा लागतो, नुसती माथ्यावर माती टाकली तर पहिल्या मोठ्या पावसात घसरेल. आधी झिरपा बघा. काचेच्या बाटलीत ते पाणी धरा आणि रात्रभर हलवू नका, तळाला माती बसली तर बांध आतून पोखरतोय, मग पाणी ताबडतोब उतरवायचं. स्वच्छ असेल तर त्या जागी आधी वाळू, त्यावर खडी, वर दगड टाका, म्हणजे पाणी निघेल पण माती अडेल. बाहेरून चिखल थापून ते तोंड बुजवू नका, पाणी दुसरीकडून वाट काढतं. खेकड्याची बिळंपण बघा.

घळबंदी: आमचा बांध सांडव्यानंच नेला हो. अशीच घळ होती, दर पावसात हातभर मागं सरकायची, आम्ही म्हटलं पुढच्या वर्षी बघू, आणि एका रात्रीत पाणी सांडवा सोडून बांधाच्या कुशीतून गेलं. जाळीत दगड भरून घळीचं तोंड आत्ताच बांधा. सांडवा भरावावर नको, बाजूच्या कठीण मुरमात आणि चांगला रुंद हवा. बाभळीची लहान रोपं उपटा, मोठ्या नुसत्या तोडू नका, मुळं कुजली की आत पोकळी राहते, उन्हाळ्यात मुळासकट काढून काळी माती थराथरानं पाणी मारून धुमसा. मग हरळी लावा.

सातबारा: एक कागदाचं. जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 20 प्रमाणे ओढ्या-नाल्याचं पात्र सहसा सरकारचं धरतात, त्यामुळे काम काढण्याआधी तलाठ्याकडं नकाशा बघा, जलसंधारणच्या इंजिनियरला जागेवर आणा. खाली कुणाची वस्ती असेल तर त्यांना आजच सांगा. पानशेत 12 जुलै 1961 ला फुटलं तेही मातीचंच धरण होतं, बांधाखालच्या मोरीपाशी माती खचत गेली होती. तुमच्या बांधात जुना पाइप आहे का?

ओढाकाठ: पाइप नाही. खाली दोन घरं आहेत, कालच जाऊन सांगून आलो. बाटली रात्री ओट्यावर ठेवली होती, सकाळी तळाला पिवळसर माती बसलेली, बोटाच्या अर्ध्या पेराएवढी. भावाला हातात दिली, त्यानं स्वतःच जेसीबीवाल्याला नको म्हणून फोन केला. आता दोन मोटारी लावून पाणी उपसतोय.