उंचावरून पडलेली मांजरे: आपले अनुभव लिहावेत

मांजर उंचावरून पडले तरी चार पायांवरच उतरते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत आणि ते बहुतांशी खरेही आहे. परंतु पायांवर उतरले म्हणजे त्याला काही झालेच नाही, अशी जी पुढची समजूत आपण स्वतःच जोडून घेतो, तिच्यापायी गेल्या श्रावणात आमची मनी जवळजवळ हातची गेली होती. आम्ही बेळगावच्या टिळकवाडीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. आठ-दहा दिवसांच्या झडीनंतर एका दुपारी उघडीप मिळाली, म्हणून मी स्वयंपाकघराची सरकती खिडकी पुरती उघडली. बाहेरच्या छज्जावर कबुतर बसलेले होते. मी पाठमोरी असताना ओट्यावर काहीतरी खडखडले आणि वळून पाहते तो खिडकीत ना कबुतर होते ना मांजर.

मी धावत जिना उतरू लागले, तर पहिल्या मजल्यावर मनीच जिना चढून येताना भेटली. नाकाशी रक्ताचा एक ठिपका होता, बाकी काही नव्हते. मी तिला दूध दिले, शेजारच्या कन्नड अज्जींनी तिच्यावरून मीठमोहरी ओवाळली आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो. रात्री नऊच्या सुमारास ती पलंगाखाली मान पुढे ताणून, पुढच्या पायांचे कोपर बाहेर काढून, तोंड उघडे ठेवून श्वास घेताना दिसली. दवाखान्यातल्या मदतनीसाने दारातच ‘एष्टु एत्तरदिंद बित्तु?’ म्हणजे किती उंचीवरून पडली, असे कन्नडमध्ये विचारले. तिसरा मजला म्हणताच त्याने तिला थेट आत नेले. एक्स-रेमध्ये फुप्फुसाभोवती छातीच्या पोकळीत हवा साठलेली दिसली. डॉक्टरांनी बरगड्यांमधून बारीक सुई घातली आणि सिरिंजचा दट्ट्या हळूहळू मागे ओढला. हवा निघेल तशी तिची फुगलेली छाती खाली बसत गेली आणि चौथ्या-पाचव्या खेपेला तिने तोंड मिटले. ते तोंड मिटणे मी आयुष्यभर विसरणार नाही.

ज्यांना असे अनुभव आले असतील त्यांनी मांजर किती उंचीवरून पडले, खाली काय होते, पहिल्या दिवशी काय दिसले आणि नंतर काय निघाले, हे कृपया सविस्तर लिहावे.

निपाणीहून

आमच्या घरच्या तंबाखूच्या वखारीत उंदरांसाठी पाळलेला बोका वीसेक फुटांवरच्या तुळईवरून खालच्या शहाबादी फरशीवर पडला. पडल्यावर अंग झाडून तो पोत्यांच्या थप्पीमागे जाऊन बसला. दोन दिवस त्याने अन्नाला तोंड लावले नाही, तेव्हा वडील म्हणाले की स्वारी रुसली आहे. तिसऱ्या दिवशी मी बशीत दूध ठेवले, ते त्याने दोन वेळा चाटले आणि दूध त्याच्या नाकातून बाहेर आले. तोंड उघडून बघितले तर टाळूला मधोमध उभी चीर पडलेली होती. पाय टेकले तरी वेगामुळे हनुवटी जमिनीवर आपटते आणि त्यातून टाळू किंवा खालचा जबडा फाटतो, असे कोल्हापूरच्या डॉक्टरांनी समजावून सांगितले. चीर लहान असल्याने टाका न घालता नळीने पातळ खाणे देत राहायचे ठरले आहे. वखारीतले हमाल आता रोज त्याची विचारपूस करतात, वडील त्यांच्याही आधी करतात.

चिकोडीहून

आमचे मांजर दुमजली घराच्या गच्चीवरून शेणाच्या उकिरड्यावर पडले. त्याला काहीही झाले नाही. आंघोळ घालताना मात्र त्याने मला तीन ठिकाणी ओरबाडले. खाली काय होते हे लिहा, असे म्हटले आहे, म्हणून एवढेच कळवतो.

वडगाव, बेळगावहून

आमच्याकडे घरातच माग आहे. मागाच्या वरच्या माळ्यावर मांजरी व्याली होती. महिनाभराचे एक पिल्लू जेमतेम सात-आठ फुटांवरून खाली आले आणि कुशीवरच आपटले, त्यात त्याचा मागचा पाय मोडला. एवढ्याशा उंचीवरून मोठ्या मांजराला खरचटलेही नसते, मग यालाच का, याचे मला कोडे पडले होते. पडताना वळण्याची ही कला पिल्लाला साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून येऊ लागते आणि सहा-सात आठवड्यांचे झाल्यावरच पुरती जमते, हे मला तेव्हा कळले. आता पाय जुळला आहे. चालताना किंचित लचकते, पळताना मुळीच कळत नाही.

हिंदवाडी, बेळगावहून

मी भौतिकशास्त्राचा निवृत्त शिक्षक आहे, तेव्हा थोडे विषयाला धरूनच, पण वेगळे लिहितो. हवेत कशाचाही आधार नसताना मांजर वळते कसे, हा प्रश्न एटियेन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९४ मध्ये पडत्या मांजराची छायाचित्रमालिका काढून पुढे आणला. मांजर पुढचे पाय जवळ घेऊन आधी पुढचे अर्धे अंग वळवते, मग पुढचे पाय पसरून मागचे अर्धे वळवते. लवचीक कण्यामुळे त्याला हे साधते. आमच्या घरचा बोका दुसऱ्या मजल्यावरून पडला आणि लंगडाही झाला नाही, तेव्हापासून मी या विषयाचे वाचू लागलो.

न्यूयॉर्कमधल्या एका पशुरुग्णालयात १९८४ मध्ये पाच महिन्यांत पडून आलेल्या १३२ मांजरांची पाहणी १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. उपचार झालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के मांजरे वाचली, आणि सात मजल्यांच्या वरून पडलेल्यांना त्यामानाने कमी इजा आढळल्या. यावरून ‘जितके उंच तितके बरे’ असा निष्कर्ष माझ्या एका मित्राने मला ऐकवला. परंतु जागीच मेलेले मांजर दवाखान्यात कोण नेणार? ते त्या आकड्यांत आलेच नाही. शिवाय वाचलेल्यांतही छातीला मार, टाळू फाटणे आणि पायांची हाडे मोडणे हे वारंवार आढळले होते, म्हणजे टिळकवाडी आणि निपाणीच्या हकिकतींत जे लिहिले आहे, नेमके तेच.

खानापूर तालुक्यातून

लिहू की नको, असा विचार करत होते. आमची कपिला जुलैच्या पावसात शेवाळलेल्या कौलांवरून घसरून अंगणातल्या दगडी पायरीवर पडली. पुढचा पाय सुजला, पण श्वास नीट होता आणि ती दूधभातही खात होती. पाऊस इतका होता की तालुक्याला जाणे दुसऱ्या दिवसावर ढकलले. तिला कळवळताना पाहवेना, म्हणून घरातली पॅरासिटामॉलची अर्धी गोळी कुटून मी दुधातून दिली. पहाटे तिचे तोंड आणि पंजे सुजले होते आणि हिरड्या चॉकलेटी दिसत होत्या. दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली. हे औषध मांजराच्या शरीराला पचवता येत नाही आणि त्याचे रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते, हे डॉक्टरांनी नंतर सांगितले. पाय तर नुसता मुरगळला होता.

पुन्हा टिळकवाडीहून

खानापूरच्या ताई, तुम्ही लिहिलेत हे फार बरे केलेत. मनी घरी आली त्या रात्री माझाही हात त्याच गोळीच्या पाकिटाकडे गेला होता.

आता खिडकीला काय लावले, असे दोघांनी मला वेगळे विचारले आहे. डासांची जाळी मी आधी लावून पाहिली, ती मनीने आठवड्यात नखांनी उसवली. आता कबुतरांसाठी मिळते ती जाड नायलॉनची जाळी चारही बाजूंनी हुकात अडकवून ताणून बसवली आहे. निपाणीच्या दादांनी टाळूची चीर भरून आली का, ते कळवावे.

निपाणीहून

अठराव्या दिवशी भरून आली. काल तो स्वतःहून सुके मासे खाऊन गेला आणि संध्याकाळी बघतो तर त्याच तुळईवर पाय सोडून झोपला होता. वडिलांनी खाली तंबाखूची रिकामी पोती अंथरून ठेवली आहेत.