माळावर ससे परत यावेत म्हणून काय करावं?

माणदेशी_डोंबिवलीकर
नमस्कार मंडळी. दहिवडीजवळ आमचा सहा एकर माळ आहे. वडील होते तोवर संध्याकाळी तिकडं गेलं की पायाजवळून ससा उठायचाच. गेल्या उन्हाळ्यात "जरा साफ करून घेऊ" म्हणून मी जेसीबी लावला. दोन एकरांतली बोराटी, तरवड, हेंकळ अशी झुडपं सगळी उपटली. गावात शाबासकी मिळाली! यंदा दिवाळीत चार दिवस राहिलो, ससा सोडाच, लेंडीही दिसली नाही. आता फांद्यांचे ढीग रचावेत, दोन-चार बिळं खणून द्यावीत, सिमेंटचा पाणवठा बांधावा असं डोक्यात आहे. एक मित्र म्हणतो, बाजारातले पांढरे ससे आणून सोड. खर्चाची तयारी आहे.

गवत्या_आबा
खर्च खिशातच ठेवा राव. बिळात राहतो तो विलायती ससा. आपला रानससा, मानेवर काळा डाग असलेला, बिळं खणत नाही. तरवडाच्या बुडाशी नाहीतर गवताच्या ठोंबात अंगापुरती जागा दाबून दिवसभर गप बसतो. आमच्या सुप्याकडं एकदा अगदी पायाजवळून उठला. मी त्या जागेवर हात ठेवला, गवत अजून कोमट होतं. पिल्लंसुद्धा तशीच उघड्यावर, अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊन जन्मतात. म्हणजे त्याचं घर म्हणजे तुमचं गवत आणि झुडूप, तेच तुम्ही उपटलंत.

आता एवढंच करा. मारवेल, पवन्या, कुसळी ही गवतं आपोआप येतील, ती बी पडेपर्यंत कापू नका. कापाल तेव्हा मधून सुरू करून कडेकडं या, म्हणजे आतला जीव बाहेर पळतो. कडेकडून मधे आलात तर तो मधेच कोंडला. दोन-तीन पट्टे तसेच उभे सोडा. झाडं लावायच्या नादी लागू नका, खड्डे घेतले की गवत गेलं. पाणवठाही नको, ओला पाला आणि दव यावर त्याचं बरंचसं भागतं. पाणवठ्यावर आधी मोकाट कुत्री येतील, आणि सशाचा खरा वैरी तीच. फांद्यांचे ढीग चालतील, पण बांधाकडेला.

रानवाट
पांढरे ससे सोडायचा विचार कृपया सोडा. १८५९ मध्ये ऑस्ट्रेलियात शिकारीसाठी दोन डझनांच्या आसपास ससे सोडले होते, ते बेसुमार वाढून देशभर उपद्रव झाला. इथं उलटं होईल, दुसऱ्या रात्री खोकड नाहीतर रानमांजर उचलून नेईल. बिचाऱ्यांना लपायचं कसं तेच ठाऊक नसतं. आणि माळाच्या पायवाटांवर फासकी लागतात का तेही पाहा. १९७२ च्या कायद्यानं रानसशाची शिकार बंद आहे, पण गावात कुणाला विचाराल तर "कशाचा कायदा" म्हणतील.

हरभरेवाला
शेजाऱ्याची बाजूही ऐका. ससा हरभऱ्याचे शेंडे विळ्यानं कापल्यासारखे तिरके छाटतो. तुमच्या माळाला लागून कुणाचं पीक आहे?

माणदेशी_डोंबिवलीकर
चुलतभावाचं, हरभराच! त्याला आधी सांगतो. आबा, वणव्याचं काय? होळीच्या आसपास तिकडं कुणीतरी माळ पेटवतंच, "नवं गवत चांगलं फुटतं" म्हणून.

गवत्या_आबा
फुटतं, पण सशाच्या आडोशाची राख होते. गवत वाळायला लागलं की हद्दीनं चार-पाच हात रुंद पट्टा साफ करून घ्या. दहा मिनिटांचं बोलणं गुराख्यांशीही करा, त्याला पैसे पडत नाहीत. आणि उपटलेल्या जागेत बोराटी मुळापासून परत फुटते का, तेवढं बघून सांगा.

माणदेशी_डोंबिवलीकर
आत्ताच भावाला फोन केला. फुटवे गुडघ्याएवढे झालेत म्हणे. दिवाळीत मी ते पाहिले होते, तण समजून सोडून दिले. तो विचारत होता, "दादा, तणनाशक मारू का?" जोरात नको म्हणालो, शेजारचा प्रवासी दचकला.