उरलेलं पुढच्या महिन्यात जात नाही

डब्ल्यूआयसी म्हणजे अमेरिकेत गरोदर बायका, नव्या आया आणि लहान मुलांना ठरावीक खाद्यपदार्थ देणारी सरकारी योजना. तिच्या कार्डावर उरलेलं पुढच्या महिन्यात वापरता येतं असं काही जण सांगतात, ते बरोबर नाही. स्नॅपची (कमी उत्पन्नाच्या घरांना किराण्यासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीची) रक्कम पुढे सरकते, त्यामुळे गोंधळ होतो. डब्ल्यूआयसीची महिन्याची मुदत संपली की उरलेलं दूध, अंडी, भाजीचे डॉलर सगळं शून्य. पावतीवर शिल्लक कोटा आणि शेवटची तारीख बहुतेक दुकानांत छापून येते, ती बघत जा. भाजी-फळांची रक्कम (2024 मध्ये मुलामागे महिना 26 डॉलर) तर आधी संपवावी. भाजी-फळांचं बिल त्या रकमेच्या थोडं वर गेलं तरी काउंटरवरून काही परत ठेवायची गरज नाही, वरचा फरक खिशातून भरता येतो.

दूध स्कॅन झालं नाही म्हणून कॅशियरवर राग काढणाऱ्यांनी मात्र आधी मुलाचं वय बघावं. एक ते दोन वर्षांच्या मुलाला होल मिल्क (साय न काढलेलं दूध) मिळतं. दुसरा वाढदिवस झाला की एक टक्का फॅटवालं किंवा स्किम (फॅट काढलेलं). तोच गॅलन, तेच दुकान, कालपर्यंत चाललं आणि आज मशीन नको म्हणतं! हे कोणी आधी नीट सांगत नाही, हे खरं. मुलाचं वजन कमी असेल तर डब्ल्यूआयसी क्लिनिकमधल्या पोषणतज्ज्ञाशी बोला, तशी गरज दिसली तर दोन वर्षांनंतर दोन टक्के फॅटवालं दूध मिळू शकतं; होल मिल्क हवं तर डॉक्टरांनी तसं लिहून द्यावं लागतं. आणि दूध संपतच नसेल तर त्यातला काही भाग दह्यात बदलून घेता येतो का, तेही तिथेच विचारा.