परिसरावर आधारित अभ्यासक्रम आणि शाश्वत विकास: पोर्शन सांभाळून हे खरंच जमतं का?

पाटीपुसणी

सहावी-सातवीला गणित आणि विज्ञान शिकवते. यंदा असं ठरलंय की अभ्यासक्रमाचा काही भाग शाळेच्या आसपासच्या लोकांशी बोलून आखायचा, विषय शाश्वत विकास. ऐकायला भारी वाटतं, पण मागच्या खेपेला काय झालं तर 'पाणी वाचवा'ची चित्रं भिंतीवर लागली, प्रोजेक्टच्या वह्या आईबापांनी रात्री जागून भरल्या, फोटो काढले, आणि पोरं ज्या नळाखाली हात धुतात तो वर्षभर टपकत होता, तिकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. परत तेच नकोय. पोर्शन मागे न पडता हे कसं बसवायचं? आणि 'लोकांशी बोलून' म्हणजे नक्की कुणाशी? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा प्लीज, पीडीएफच्या लिंका नकोत.

रिकामं_नरसाळं

अहो मग त्या टपकणाऱ्या नळापासूनच सुरू करा की! आधी पोरांना अंदाज करायला लावा, दिवसभरात किती पाणी जात असेल. एक म्हणेल पेलाभर, दुसरा म्हणेल टाकीभर. मग मोजायचं. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला ८६,४०० थेंब, आणि साधारण २० थेंबांचा १ मिली धरला तर ४.३ लिटरच्या आसपास. पण हा २० आकडा तुम्ही फळ्यावर लिहून देऊ नका, खरी मजा तिथेच आहे. प्रत्येक नळाचा थेंब वेगळा असतो, गटागटाची उत्तरं जुळत नाहीत, मग भांडणं होतात, आणि सरासरी कशाला काढायची हे न शिकवता कळतं.

त्यानंतर छप्पर. १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे बरोब्बर १ लिटर पाणी. २०० चौ.मी. छपरावर १० मिमी पडला तर २,००० लिटर, त्यातलं थोडं उडणार, थोडं सांडणार. क्षेत्रफळ, घनफळ, एककं, गुणाकार सगळं यात आलं, म्हणजे पोर्शनच चाललाय ना, वेगळी तासिका कशाला हवी. आणि तुमच्याच शाळेच्या छपराचं उत्तर कुठल्याच गाईडात नसतं, त्यामुळे रात्री वही भरून द्यायची पालकांची सोय आपोआप बंद.

लोकांपैकी पाणी सोडणाऱ्या माणसाला बोलवा. भाषण करायला नाही हां, पोरांनी त्याला प्रश्न विचारायचे आणि त्याने सांगितलेले आकडे स्वतः ताडून बघायचे.

फळीवरचा

वरचं पटलं. पण मला विचाराल तर अडतं ते परीक्षेपाशी. कागदांची कमतरता कधीच नव्हती. १९७७ ची पर्यावरण शिक्षणावरची तिबिलिसी परिषद झाली, १९९२ च्या रिओ परिषदेतल्या अजेंडा २१ या कृती आराखड्यात शिक्षणावर ३६ वं प्रकरण आलं, २००५ ते २०१४ संयुक्त राष्ट्रांनी 'शाश्वत विकासासाठी शिक्षण' या नावाचं दशक पाळलं, २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांमध्ये याच विषयाचं ४.७ हे लक्ष्य आहेच. सगळं बरोबर लिहिलंय. पण वर्गात शेवटी तेच शिकवलं जातं ज्याला मार्क असतात.

मध्य प्रदेशातल्या होशंगाबादचा शाळांमधला विज्ञान शिक्षण कार्यक्रम घ्या, १९७२ ला सुरू झाला. त्यात पोरं शेतातली पिकं, किडे, माती बघून प्रयोग करायची हे सगळे सांगतात. पण त्यांनी परीक्षाही बदलली होती, पुस्तक उघडं ठेवून लेखी पेपर आणि वर प्रयोगाची परीक्षा, हे कुणी फारसं सांगत नाही. माझ्या मते तो एवढी वर्षं टिकला त्यात याचा मोठा वाटा. २००२ ला सरकारने बंद केला, ती कथा वेगळी.

कोलंबियातली एस्कुएला नुएवा ('नवी शाळा') ही पद्धत पण बघा, १९७० च्या दशकातली, एकाच वर्गात अनेक इयत्ता असलेल्या खेड्यातल्या शाळांसाठी. तिथे परिसराचा नकाशा आणि शेतीच्या कामांचं कॅलेंडर पोरंच तयार करतात. कापणीच्या दिवसात मूल आलं नाही तर नापास नाही, परत आलं की जिथे सोडलं तिथून पुढे.

उलटतपासणी

सगळेच खुश आहात म्हणून थोडं विरजण घालतो. 'समुदाय' असा एकजीव नसतो हो. मीटिंगला येऊन बोलणारे दरवेळी तेच चार लोक. एकाच नदीतून कुणाला वाळू हवी असते, कुणाला मासे, कुणाला सांडपाणी सोडायला जागा. मग अभ्यासक्रम कुणाच्या म्हणण्याने आखणार? माझं म्हणणं, हे भांडण झाकू नका, तोच धडा करा. तिघांकडे पोरं पाठवा, तिघांचं म्हणणं लिहून आणू देत. शाश्वत विकास म्हणजे शेवटी हीच ओढाताण आहे, झाडं लावणं हा त्यातला सोपा भाग.

दुसरं, फुकटचं काम आणि शिक्षण यात गल्लत नको. १९३७ ला वर्ध्यात गांधीजींची नई तालीम, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षण, मांडली गेली तेव्हाच आक्षेप आला होता की मुलांनी बनवलेल्या वस्तूंवर शाळेचा खर्च काढायचा म्हणजे मुलांना राबवणंच झालं. आज स्वच्छता मोहिमेच्या नावाखाली दिवसभर कचरा उचलायला लावतात आणि कचऱ्यात काय होतं, कुठून आलं, हे एकही पोर लिहीत नाही. मोजलं नाही, विचारलं नाही, तर ती निव्वळ झाडलोट.

पाटीपुसणी

नळ आणि छप्पर नक्की घेते. नदीचं जरा बिचकायला होतंय, कारण एखाद्या पोराचे वडीलच त्या तिघांतले निघाले तर? आणि @फळीवरचा, उघड्या पुस्तकाचा पेपर नेमका कसा काढायचा? एखादा प्रश्न द्या ना.

उलटतपासणी

निघणारच. म्हणून माणसांची नावं लिहायची नाहीत, कामं लिहायची. आणि कोण बरोबर हे वर्गात ठरवायचं नाही, कुणाच्या कामाने पाण्यात काय बदलतं एवढंच शोधायचं.

फळीवरचा

हा घ्या: "दोन गटांनी एकच नळ मोजला. एकाचं उत्तर ३ लिटर, दुसऱ्याचं ५ लिटर. दोघांचा गुणाकार बरोबर आहे. फरक कशामुळे पडला असेल? दोन कारणं लिहा आणि त्यातलं एक खरं की खोटं हे कसं तपासाल ते सांगा." पुस्तक काय, अख्खी लायब्ररी उघडी ठेवा, कॉपी करायला काही सापडणार नाही. मार्क मात्र तपासायच्या पद्धतीला जास्त द्या, नाहीतर सगळे दोन कारणं खरडून मोकळे होतील.