दिवसा हिशेब, संध्याकाळी गेम: दोघांना चालेल असा माउस कसा निवडावा?

प्रश्न

नमस्कार. मी पुण्यात घरूनच हिशेबाची कामे करते. सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत टॅली आणि एक्सेल चालू असते, आणि त्यानंतर त्याच संगणकावर अकरावीत शिकणारा माझा मुलगा व्हॅलोरंट हा नेमबाजीचा गेम खेळतो. आमचा चार वर्षांचा, वायरचा माउस गेल्या महिन्यापासून एकदा दाबले तरी दोनदा दाबल्यासारखा वागू लागला आहे. फोल्डर नुसते निवडायला जावे तर ते उघडते. एक्सेलमध्ये एखादा रकाना वरून खाली निवडत आणला की मध्येच निवड सुटते आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करावी लागते. जीएसटीचे विवरणपत्र भरण्याच्या दिवसांत हा प्रकार इतक्या वेळा झाला की एका पक्षकाराची रक्कम चुकून शेजारच्या ओळीत गेली; सुदैवाने ताळा घेताना ती चूक सापडली. मुलाची तक्रार अशी की बटण दाबून धरलेले असतानाही खेळातला गोळीबार क्षणभर थांबतो. दोन्हींचे मूळ एकच असावे, असे मला वाटते.

आमचा खर्च २००० रुपयांच्या आत बसायला हवा. खोक्यांवर डीपीआयचे मोठमोठे आकडे छापलेले असतात. त्यांवरून निवड करावी का? वायरचा घ्यावा की वायरलेस? दोघांना मिळून एकच घ्यावा की स्वतंत्र? आणखी एक गोष्ट सांगायला हवी. संध्याकाळपर्यंत माझे उजवे मनगट दुखू लागते आणि कधीकधी अंगठ्याला व तर्जनीला मुंग्या येतात. त्याचा माउसच्या निवडीशी संबंध असेल, तर तेही कृपया सांगावे.

प्रतिसाद १

तुमचा अंदाज बरोबर आहे, दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. माउसच्या डाव्या बटणाखाली बोटाच्या पेरापेक्षाही लहान अशी एक डबी असते. तिच्यात धातूची पातळ, वाकवलेली पट्टी असते. बटण दाबले की ती खालच्या संपर्कबिंदूवर टेकते आणि सोडले की उसळून वर येते. आपल्याला ऐकू येणारा ‘टक्’ हा आवाज तिचाच. लाखो वेळा वाकून ही पट्टी ढिली होते, शिवाय संपर्काच्या जागी ऑक्साइडचा बारीक थर धरतो, आणि हा थर जाळून टाकण्याइतका प्रवाह माउसच्या मंडलातून वाहत नसतो. मग बोट स्थिर असले तरी आतला संपर्क क्षणार्धासाठी तुटतो व पुन्हा जुळतो. संगणकाला ते दोन वेगळे क्लिक वाटतात, आणि विंडोजमध्ये मुळात ५०० मिलिसेकंदांच्या आत आलेले दोन क्लिक हा डबल क्लिक धरला जातो. ओढताना निवड सुटणे आणि गोळीबार तुटणे हीसुद्धा याच तुटलेल्या संपर्काची दोन रूपे आहेत.

बटणांचे आयुष्य १ कोटी, २ कोटी किंवा ५ कोटी क्लिक असे सांगितलेले असते. समजा, तुम्ही दोघे मिळून रोज ५००० क्लिक करता आणि वर्षाकाठी ३०० दिवस माउस वापरता, तर वर्षाचे १५ लाख क्लिक होतात, आणि १ कोटीचे बटण कागदोपत्री साडेसहा वर्षे टिकायला हवे. प्रत्यक्षात ते त्याआधीच बिघडलेले मी अनेकदा पाहिले आहे, कारण तो आकडा पट्टी तुटेपर्यंतच्या दाबांचा असतो आणि संपर्कावर साचणारा थर दाबांची संख्या मोजत बसत नाही. अलीकडे काही माउसमध्ये प्रकाशावर चालणारी बटणे येतात. त्यांत धातूचा संपर्कच नसतो, एक किरण अडवला किंवा मोकळा केला जातो, त्यामुळे हा विशिष्ट रोग त्यांना होत नाही. तुमच्या रकमेत तसा माउस मिळाला, तर त्याला मी निश्चित झुकते माप देईन. नाही मिळाला, तर किमान हमी किती वर्षांची आहे हे पाहा आणि बिल जपून ठेवा.

आता डीपीआयविषयी. माउस एक इंच सरकला की पडद्यावरचा बाण किती बिंदू सरकावा, एवढेच हा आकडा सांगतो. तुमचा पडदा १९२० बिंदू रुंदीचा असेल आणि माउस १६००० डीपीआयवर ठेवला, तर जेमतेम ३ मिलिमीटर हालचालीत बाण पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला पोहोचेल. एक्सेलची बारीक चौकट अशा माउसने कोण पकडणार? ८०० डीपीआयवर त्याच अंतरासाठी ६ सेंटिमीटर लागतात, १६०० वर ३. बहुतेक माणसांचे काम आणि खेळ या दोन आकड्यांच्या आसपासच होतात, आणि आज साधारण नावाजलेला कोणताही गेमिंग माउस तेवढे सहज देतो.

याच्यापेक्षा महत्त्वाचा आकडा म्हणजे माउस सेकंदाला किती वेळा आपली जागा संगणकाला कळवतो तो. साधा माउस १२५ वेळा कळवतो, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी. गेमिंग माउस १००० वेळा, म्हणजे दर १ मिलिसेकंदाने. ८ वरून १ वर येण्यात खेळणाऱ्याला फरक जाणवतो. त्यापुढे ८००० वेळा कळवणारे महागडे माउसही आहेत, पण तुमचा पडदा ६० हर्ट्झचा असेल, तर त्यावरचे चित्रच दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलते. त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

प्रतिसाद २

मी गेली काही वर्षे नियमित खेळतो, म्हणून मुलाच्या बाजूने लिहितो. आकड्यांच्या आधी हात मोजा. मनगटाच्या पहिल्या वळीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजपट्टी धरा. त्यानंतर मुलगा माउस कसा धरतो ते त्याला न सांगता पाहा, कारण विचारले की सगळेच नीट धरतात. तळवा पूर्ण टेकवून धरणाऱ्याला मागून फुगीर आणि लांब माउस लागतो. बोटे वाकवून, तळव्याचा फक्त मागचा भाग टेकवणाऱ्याला जरा आखूड चालतो. नुसत्या बोटांच्या टोकांनी धरणाऱ्याला लहान आणि हलका हवा. खेळणाऱ्यांमध्ये एक ढोबळ हिशेब आहे की माउसची लांबी हाताच्या लांबीच्या साधारण साठ टक्के असावी. तळवा टेकवणाऱ्यांना याहून थोडी जास्त सोयीची पडते.

उदाहरणार्थ, लॉजिटेक जी१०२ हा ११६.६ मिलिमीटर लांब, दोन्ही बाजूंनी सारख्या घडणीचा आणि ८५ ग्रॅम वजनाचा आहे. रेझर डेथअ‍ॅडर इसेन्शियल १२७ मिलिमीटर लांब, ९६ ग्रॅमचा आणि फक्त उजव्या हातासाठी वळवलेला आहे. कागदावर फरक एका सेंटिमीटरचा दिसतो, हातात मात्र दोन्ही अगदी वेगळे वाटतात. म्हणूनच माझा आग्रह आहे की पुण्यातल्या तपकीर गल्लीतल्या दुकानांत जाऊन दोन-तीन माउस प्रत्यक्ष हातात धरून पाहावेत. धरल्यावर करंगळी टेबलावर घासते का आणि अनामिकेला विसावायला जागा मिळते का, हे पाहायला अर्धे मिनिट पुरते.

माउसइतकाच विचार माउस पॅडचाही करावा, असे मी म्हणेन, कारण इथे बहुतेक घरांत चूक होते. व्हॅलोरंटमध्ये ८०० डीपीआय आणि खेळातली संवेदनशीलता (माउस सरकवल्यावर खेळात किती वळायचे ते ठरवणारा आकडा) ०.४ ठेवली, तर पूर्ण गोल फिरायला माउस सुमारे ४१ सेंटिमीटर सरकवावा लागतो. अर्धे वळून मागे पाहायचे म्हटले तरी २० सेंटिमीटर. वहीच्या पानाएवढ्या पॅडवर ते शक्यच नाही; मग मुले नाइलाजाने संवेदनशीलता वाढवतात आणि नेम बिघडला की माउसला दोष देतात. ४५ सेंटिमीटर रुंदीचा साधा कापडी पॅड घ्या, तो महाग नसतो. विंडोजच्या माउस सेटिंगमध्ये ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ नावाची खूण असते, तीही काढून टाकावी. ती चालू असताना माउस जितका वेगाने सरकवावा तितका बाण प्रमाणाबाहेर पुढे जातो, आणि हाताला अंतराची सवय लागत नाही.

प्रतिसाद ३

मी रत्नागिरीत राहतो, त्यामुळे दोनच गोष्टी अनुभवाने सांगतो. ज्या माउसवर मऊ रबरासारखा लेप असतो, तो आमच्याकडच्या दमट हवेत दोन-तीन पावसाळ्यांत चिकट होतो. माझ्या एका माउसवर हाताचे ठसे उमटू लागले होते आणि धूळ त्याला चिकटून बसत होती. अखेर तो लेप मी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढला. तुमच्याकडे हवा इतकी दमट नसली, तरी आठ तास घाम लागणाऱ्या वस्तूवर साधे, खरखरीत प्लॅस्टिक असलेले बरे.

दुसरे वायरलेसचे. वायरलेस माउसचे संकेत घेणारे, २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे छोटे डोंगल कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, विशेषतः निळ्या यूएसबी ३ पोर्टच्या शेजारी लावले, तर बाण अडखळतो, कारण त्या पोर्टमधून निघणारा विद्युत गोंगाट त्याच पट्ट्यात येतो. डोंगल एका छोट्या एक्स्टेन्शन वायरने टेबलावर, माउसपासून वीतभर अंतरावर आणले की हा त्रास जातो. माझे मत विचाराल, तर एकाच जागी बसून काम करायचे असताना वायरलेसची गरज नाही. त्याच पैशात वायरचा माउस अधिक चांगला मिळतो आणि ऐन विवरणपत्राच्या दिवशी सेल संपत नाही.

प्रतिसाद ४

ताई, तुमच्या मुंग्यांविषयी आधी लिहिते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येणे हे मनगटातून जाणारी नस दबत असल्याचे लक्षण असू शकते. कोणताही माउस हा त्यावरचा उपचार नव्हे. डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका. मी स्वतः ते दोन वर्षे अंगावर काढले आणि रात्री हात बधिर होऊन जाग येऊ लागली तेव्हा कुठे गेले. त्या दोन वर्षांची मला आजही हळहळ वाटते.

मीही हिशेबाचेच काम करते आणि माझ्या बाबतीत दोष माउसच्या आकारापेक्षा त्याच्या जागेत अधिक होता. आकडे भरायचे म्हणून आपल्याला उजवीकडे अंकांची कळपाटी असलेला लांब कीबोर्ड लागतो. त्यामुळे माउस एक वीतभर आणखी उजवीकडे ढकलला जातो, कोपर अंगापासून दूर जाते, खांदा उचललेला राहतो आणि मनगट बाहेरच्या बाजूला वळते. शिवाय प्रत्येक नोंदीला उजवा हात आकड्यांवरून माउसवर आणि माउसवरून आकड्यांवर जातो-येतो. मला एका जुन्या सहकारी बाईंनी सांगितले की माउस डाव्या हातात घे. पहिला आठवडा फार जड गेला, साधे ‘सेव्ह’चे बटणही नेमके सापडत नव्हते. तिसऱ्या आठवड्यात मात्र उजवा हात आकड्यांवर आणि डावा माउसवर, असे काम आपोआप होऊ लागले, आणि आता मी उलट करू शकणार नाही.

हे करायचे असेल, तर उजव्या हातासाठी वळवलेला माउस उपयोगाचा नाही. दोन्ही बाजूंनी सारखा हवा. हात हस्तांदोलनाच्या स्थितीत ठेवणारे उभे माउसही मिळतात आणि कामाला ते आरामदायक असतात, पण तुमचा मुलगा त्यावर नेमबाजी करू शकणार नाही, आणि दोन माउस तुमच्या रकमेत बसतीलच असे नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल मोजपट्टी घेऊन बसलो. माझा हात १७ सेंटिमीटर, मुलाचा १९.५. मी तळवा टेकवून धरते, तो बोटे वाकवून. साठ टक्क्यांच्या हिशेबाने त्याला ११.७ सेंटिमीटरचा माउस लागतो, आणि मला थोडा लहान पुरला असता, पण दुकानात धरून पाहिल्यावर साडेअकरा सेंटिमीटरच्या आसपासचा, दोन्ही बाजूंनी सारखा असलेला माउस मला डाव्या हातातही जड वाटला नाही. तोच वायरचा घेतला. प्रकाशाच्या बटणांचा माउस आमच्या रकमेत मिळाला नाही, म्हणून बिल हमीपत्रासह फायलीत लावले आहे. उरलेल्या पैशांत ४५ सेंटिमीटरचा कापडी पॅड आला. डॉक्टरांची वेळ शनिवारची घेतली आहे.

एकच अडचण उरली. डाव्या हातासाठी मी बटणांची अदलाबदल केली, तर संध्याकाळी मुलाला ती पुन्हा उलटी करावी लागते, आणि सकाळी मला. शिवाय त्याला बाण संथ हवा असतो, मला जलद. यावर काही उपाय आहे का?

प्रतिसाद १, पुन्हा

आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. विंडोजमध्ये तुम्हा दोघांची स्वतंत्र खाती उघडा. बटणांची अदलाबदल, बाणाचा वेग आणि ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ची खूण या तिन्ही गोष्टी विंडोज प्रत्येक खात्यासाठी वेगळ्या लक्षात ठेवते. माउसवरचा डीपीआय ८०० ठेवून तो दोघांनीही बदलू नये. तुमच्या खात्यात बाणाचा वेग वाढवा, मुलाच्या खात्यात तो मधल्या खुणेवर राहू द्या. तुमच्या फायलीही त्यामुळे खेळापासून वेगळ्या राहतील.

जुना माउस टाकू नका. त्याच्या पोटाखालचे गुळगुळीत तुकडे हलक्या हाताने उचकटले की स्क्रू दिसतील. बिघडलेल्या डबीला तीन पाय असतात. तिचा डाख (सोल्डर) सोडवून त्याच मापाची नवी बसवता येते. ही डबी इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात सुटी मिळते. मुलाला डाख देता येत असेल, तर एका दुपारचे काम आहे, आणि विवरणपत्राच्या आठवड्यात हाताशी दुसरा माउस राहील.